पडकी भिंत आणि तिच्यातलं झाड : ठाणे-नवी मुंबईत फोटो काढायला शिकताना

पहिल्यांदा किल्ल्यावर कॅमेरा घेऊन गेलेल्या बहुतेकांची गत सारखीच होते. तिथे उभं असताना अंगावर काटा आलेला असतो. दगडांच्या सांध्यातून बाहेर पडलेलं पिंपळाचं मूळ, शेजारच्या जंगीतून, म्हणजे बंदुकीसाठी तटात ठेवलेल्या भोकातून, येणारा उजेडाचा कवडसा, मागे खाडीवरून येणारा वारा. घरी येऊन फोटो मोठा करून पाहावा तर हिरव्या गचपणात एक करडा डाग आणि वर पांढरंफटक आभाळ. मूळ कुठे गेलं, जंगी कुठे गेली, काहीच कळत नाही. माझ्या पहिल्या वर्षाचे जवळजवळ सगळे फोटो असेच आहेत. ते मी पुसून टाकलेले नाहीत, त्याचं कारण शेवटी येईल.

ज्यांच्याकडे साधा मोबाइल आहे किंवा घरात कुणीतरी आणून ठेवलेला जुना कॅमेरा आहे, आणि ठाणे-नवी मुंबईच्या आसपासचे पडके बुरूज, तट आणि त्यांना बिलगलेली झाडं ज्यांना खुणावतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला यात एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अशा ठिकाणी फोटो नुसत्या झाडाचा काढू नका आणि नुसत्या भिंतीचाही काढू नका. त्या दोघांमध्ये काय चाललं आहे, त्याचा काढा. एवढं डोक्यात पक्कं असलं की कुठे उभं राहायचं, कधी जायचं आणि काय वगळायचं, हे प्रश्न पुष्कळ सोपे होतात.

आधी समजून घ्या, झाड भिंतीत आलं कसं

तटाबुरुजांवर उगवलेली झाडं नीट पाहिलीत तर त्यांत बहुतेक वड, पिंपळ आणि उंबर दिसतील. तिघंही एकाच कुळातली. फांदी मोडली की तिघांनाही पांढरा चीक येतो. त्यांची फळं तांबट, साळुंकी, बुलबुल, कोकीळ खातात, रात्री वटवाघळं खातात. बारीक बिया पोटातून तशाच बाहेर पडतात आणि विष्ठेसोबत भिंतीवर चिकटतात. जुन्या बांधकामात दगड चुन्याने सांधलेले असतात. शेकडो पावसाळ्यांत तो चुना झिजून गेला की सांध्यात माती आणि ओल धरते. बीला तेवढं पुरतं.

पुढचं काम मुळं करतात. केसाएवढं मूळ ओलीच्या मागावर सांध्यात शिरतं, खाली खाली जातं आणि जमिनीला टेकतं. तोवर झाड रोपच असतं. एकदा जमीन लागली की मात्र झपाट्याने वाढतं, मूळ जाड होत जातं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दगड हळूहळू सरकायला लागतात. याची दुसरी बाजूही आहे. पुष्कळ वर्षं गेली की तेच मूळ सुट्या झालेल्या दगडांना मिठी मारून बसतं. अशा वेळी वरवर झाड छाटलं तर ते पुन्हा फुटतं. समूळ मारलं तर आतलं मूळ कुजून पोकळी राहते आणि भिंत आत ढासळते. म्हणून जतनाचं काम करणाऱ्यांना हे फार जपून करावं लागतं.

बेलापूरला एकदा मी असाच एका मुळासमोर अर्धा तास बसलो होतो. गुरं घेऊन आलेले गावठाणातले एक म्हातारे बाबा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "झार हाय म्हणून भीत हाय, पोरा." जाताना काठीने एक सरकलेला दगड दाखवून गेले, "आन् ह्यो त्यानंच ढकललाय." तोवर मी नुसता मुळाचा आकार बघत होतो. त्यानंतर मी तीन जागा शोधायला लागलो. मूळ भिंतीत शिरतं ती जागा, दगड सरकलेला दिसतो ती जागा आणि मूळ जमिनीला टेकतं ती जागा. या तिन्हींपैकी निदान दोन एका चौकटीत आल्या तर फोटो बोलतो. तुम्हीही पहिल्या फेरीत हेच शोधा. उत्साहाने शेंड्याकडे कॅमेरा वळवायची घाई करू नका, गोष्ट बुंध्याशी घडते आहे.

जागा एकच निवडा

दर रविवारी नवा किल्ला हा मोह टाळा. एक जागा धरा आणि वर्षभर तिथेच जा.

नवी मुंबईकरांसाठी बेलापूरचा किल्ला. महापालिकेच्या मुख्यालयाजवळ, किल्ले गावठाणात, पनवेल खाडीच्या मुखाशी. सोळाव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दींनी तो बांधला. १६८२ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला, अठराव्या शतकात चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. त्यांनी तो बराचसा मोडून टाकला. आज उरलाय तो मनोऱ्यासारखा उभा बुरूज आणि तटाचे तुकडे. बेलापूर किंवा सीवूड्स-दारावे स्थानकावर उतरून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. म्हणून नवख्यांसाठी मी याच जागेचं नाव आधी घेतो, कारण वारंवार जाता येणं हे इथे निम्मं काम आहे.

ठाण्याच्या लोकांसाठी घोडबंदर. पोर्तुगीजांनी वसईच्या खाडीकाठी टेकडीवर बांधलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. अरबांशी चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून बंदराला हे नाव पडलं, असं सांगतात. इथली सोय अशी की उत्तरेला खाडीचं मोकळं पात्र आहे. उत्तरेकडे तोंड करून फोटो काढताना वर्षाचे बहुतेक दिवस ऊन बाजूने किंवा पाठीमागून येतं, सूर्य डोळ्यांत येत नाही.

ठाण्याचा मूळ किल्ला मात्र विसरा. १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. त्याच्या भिंतींचे फोटो काढत फिरू नका.

अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवालय पडकं नाही, पण वालधुनीच्या काठच्या झाडांसोबत काळ्या दगडाचा सराव करायला उत्तम जागा आहे. तिथल्या शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. ते केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांत हातातला कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते.

पहिली फेरी कॅमेरा न काढता

पहिल्या दिवशी फक्त वही आणि मोबाइलमधलं होकायंत्र. भिंतीची कुठली बाजू कुठल्या दिशेला आहे, ते लिहून ठेवा. हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढच्या वर्षभराचं वेळापत्रक यातूनच निघतं.

आपण सुमारे १९ अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या शेवटी सूर्य नेमक्या पूर्वेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, जूनच्या शेवटी तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे उगवतीची जागा वर्षभरात जवळजवळ ५० अंश फिरते. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य सुमारे ४७ अंशांच्या वर चढत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर त्या महिन्यात दिवसभर तिरपं ऊन मिळतं, दगडाचा प्रत्येक खड्डा आणि टाकीचा घाव उठून दिसतो. उलट उत्तरेकडची भिंत हिवाळाभर सावलीत असते. तिच्यावर थेट ऊन बघायचं असेल तर एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर जा, तेव्हा ऊन तिला घासून जातं. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गोळा होते. मे महिन्यातल्या त्या दिवसांत दुपारी तिथे जाऊन काही हाती लागत नाही.

आणखी एक स्थानिक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. पारसिकची डोंगररांग नवी मुंबईच्या पूर्वेला आहे. त्यामुळे पंचांगातला सूर्योदय आणि बेलापुरात जमिनीवर पडणारं पहिलं ऊन यांत अंतर पडतं. ठाण्यात याच्या उलट. येऊरचे डोंगर पश्चिमेला, म्हणून संध्याकाळचं ऊन लवकर सरतं. ठाण्याच्या बाजूने येऊरच्या उतारांचे फोटो काढायचे तर सकाळच हवी. तुमच्या जागेवर पहिलं ऊन किती वाजता पोचतं आणि शेवटचं किती वाजता निघून जातं, हे एकदा घड्याळ लावून बघाच.

खाडीकाठी असाल तर भरती-ओहोटीही लिहून ठेवा. आपल्याकडच्या कोळी-आगरी माणसांचा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. खाडीत आत पाणी त्यानंतर चढतं. भरतीला तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, बुंध्यापर्यंत पाणी असतं आणि बुरुजाच्या मागे एक शांत उजळ पट्टा मिळतो. ओहोटीला तिथेच चिखल उघडा पडतो आणि तिवरांची जमिनीतून वर आलेली श्वासमुळं दिसतात. दोन्ही चित्रं खरी आहेत, पण कुठलं हवं ते ठरवून जा.

कुठल्या महिन्यात काय मिळतं

नवखे लोक पावसाळ्यात जातात, कारण तेव्हा सगळं हिरवं असतं. माझ्या मते नवख्याने पहिली निवड फेब्रुवारी-मार्चची करावी. तेव्हा झाडं पानं टाकतात आणि भिंत उघडी होते. पिंपळाला याच दिवसांत तांबूस, जवळजवळ पारदर्शक पालवी फुटते. सकाळच्या उन्हात ती मागून उजळली की काळ्या दगडासमोर दिवा लावल्यासारखी दिसते. काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरते, पांगारा आणि पळस फुलतात. येऊरच्या बाजूला कांडोळ उभा असतो, ज्याला भुत्या म्हणतात. गुळगुळीत पांढरी साल, अंगावर एक पान नाही. कुसुमाची कोवळी पानं तर फुलांपेक्षा लाल असतात. फांद्यांची रेघ कशी जाते, झाड कुठे वाकलं आहे, भिंतीचा वरचा काठ कुठे संपतो, हे सगळं याच दोन महिन्यांत वाचता येतं. पानांनी भरलेल्या झाडाचा आकार नवख्या डोळ्याला सापडत नाही.

एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो, बाकी ऊन फार कडक. सकाळी साडेआठच्या आत आवरा.

पावसाळा कठीण आहे, पण सोडू नये. ओला पाषाण काळाभोर होतो, त्यावर शेवाळ आणि नेचे येतात. त्या दोन रंगांचं जे नातं असतं ते इतर कुठल्याही ऋतूत नसतं. अडचण आभाळाची. ते पांढरं असतं आणि चौकटीत आलं की सगळा उजेड तिकडेच जातो. यावर साधा उपाय असा की पावसाळ्यात आभाळ चौकटीत घेऊच नका. भिंतीच्या जवळ जा, मूळ, दगड, नेचे एवढंच घ्या. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या वडाकडे जरूर जा. बुंध्याभोवती गुंडाळलेलं कोरं सूत पावसाने खोडाला चिकटलेलं असतं.

नोव्हेंबर ते जानेवारी धुरकट असतात. दूरचं काही स्पष्ट दिसत नाही म्हणून लोक हिरमुसतात. या दिवसांत दूरचं स्पष्ट दाखवायचा हट्ट सोडा आणि उगवतीकडे तोंड करून झाडाची नुसती काळी आकृती घ्या. धुरक्यामुळे मागचे डोंगर एकामागे एक फिके होत जातात, ते आपसूक मिळतं.

सामान

मोबाइल पुरतो. फक्त त्याची काच पुसा, खिशातल्या धुळीने आणि बोटांच्या तेलाने अर्धे फोटो धुरकट होतात. कॅमेरा असेल तर त्याच्यासोबत मिळालेली लेन्स चालेल. एक हलका ट्रायपॉड घ्या आणि जमल्यास पोलरायझर फिल्टर. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी त्याने निघते आणि आतला हिरवा रंग दिसतो. ती नंतर संगणकावर काढता येत नाही, म्हणून हा खर्च मी योग्य मानतो. बाकी महागड्या वस्तूंची वर्षभर तरी गरज नाही. एक काळजी मात्र आजपासून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा त्यात ठेवा आणि कापडी बॅगेत पावसाळाभर बंद करून ठेवू नका.

जागेवर पोचल्यावर

आता प्रत्यक्ष कृती. समजा सकाळचे आठ वाजलेत, समोर बुरुजाचा तुकडा आहे, त्यात पिंपळ आहे, ऊन डावीकडून येतंय.

आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रीड चालू करा, म्हणजे आडव्या-उभ्या रेघा दिसतील. मग झूम २ वर ठेवा. ०.५ च्या रुंद लेन्सचा मोह आवरा. तिने जवळचं मूळ राक्षसासारखं दिसतं, मागचा बुरूज खेळण्याएवढा होतो आणि कडेची खोडं वाकतात. दोघांचं खरं प्रमाण दाखवायचं तर मागे सरका आणि जरा लांबून, जास्त झूमने घ्या. कॅमेऱ्यात याच कारणासाठी लेन्सवरच्या आकड्यांत ३५ ते ८५ मिलिमीटरच्या आसपास राहा.

फोन उभा आणि सरळ धरा. बुरूज उंच आहे म्हणून फोन मागे कलवला की भिंती वर निमुळत्या होतात, जणू बुरूज पाठीमागे पडतोय. फोन सरळ ठेवून आणखी मागे जा. खाली जास्तीची जमीन आली तरी चालेल, ती नंतर कापता येते.

यानंतर उजेड. इथेच सगळ्यात जास्त फोटो बिघडतात. कॅमेऱ्याला वाटतं, समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे. आपला पाषाण तर काळा. त्याला करडा करायच्या नादात कॅमेरा उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि आभाळ जळून पांढरं होतं. म्हणून उजेड मुद्दाम कमी करा. मोबाइलवर भिंतीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतील. मग बोट खाली ओढून अंधार करत जा. पानांच्या उजळ कडा पुन्हा दिसायला लागल्या की थांबा. दगड जरा जास्त काळा वाटेल, वाटू द्या. अंधारातला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेलं पांढरं परत येत नाही. कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक आपण ठरवायचं, वेग कॅमेरा ठरवतो), एफ ८ (त्या भोकाचा आकार), आयएसओ (उजेड टिपायची तीव्रता) १०० किंवा २००, आणि एक्सपोजर भरपाई (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणं) उणे दोन तृतीयांश ते उणे एक. सोय असेल तर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न केलेल्या मूळ फाइलमध्ये, साठवा, मोबाइलच्या प्रो मोडमध्येही ती असते.

वडाखाली किंवा बुरुजाच्या आत शटरचा, म्हणजे उजेड आत घेऊन मिटणाऱ्या पडद्याचा, वेग एवढा उतरतो की हाताची थरथर फोटोत येते. भिंत स्थिर आहे, तेव्हा ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर लावून निवांत काढा. पण पिंपळाचं पान लांब देठावर असतं, वाऱ्याच्या झुळकेशिवायही हलतं. पान स्पष्ट हवं असेल तर आयएसओ ८०० पर्यंत वाढवा आणि वेग सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागापेक्षा जलद ठेवा. दाणे थोडे येतील, फिसकटलेल्या पानापेक्षा ते परवडलं. कधीकधी उलटं करून बघा. वेग मुद्दाम अर्ध्या सेकंदावर आणा. दगड काचेसारखा स्पष्ट आणि त्याच्यावर पिंपळाची पानं नुसती सळसळ होऊन उमटतात. मला स्वतःला हे चित्र फार आवडतं, कारण तिथे उभं असताना तसंच वाटत असतं.

फोटो काढल्यावर लगेच पुढे जाऊ नका. पडद्यावर मोठा करून चारही कोपरे तपासा. वेफर्सचं पाकीट, विजेची तार, कडेला अर्धवट आलेली फांदी. पाकीट उचलून पिशवीत टाका. फांदी मात्र तोडू नका, दोन पावलं सरका.

मागच्या इमारतींचं काय करायचं

हा प्रश्न इथे प्रत्येकाला पडतो. बेलापूरला बुरुजाकडे तोंड केलं की मागे कुठून ना कुठून काचेचं काहीतरी डोकावतं. घोडबंदरला वाहत्या हमरस्त्याचा आवाज येतो आणि टॉवर दिसतात. ते लपवता येतात. खाली बसा म्हणजे झुडपांच्या रेघेमागे इमारत जाते. किंवा असे सरका की झाडाचा घेर नेमका टॉवरवर बसेल. अर्ध्या मीटरच्या फरकाने अख्खी इमारत गायब होते, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही.

पण दर वेळी लपवू नका. खाडीवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला बुरूज आज इमारतींच्या गर्दीत उभा आहे, हीसुद्धा त्याच्याच आयुष्यातली गोष्ट. शंभर वर्षांपूर्वीचा भासवलेला फोटो सुंदर दिसेल, पण तो २०२० च्या दशकातल्या नवी मुंबईचा पुरावा होणार नाही. मी दर फेरीत दोन चौकटी घेतो, एक इमारत टाळून आणि एक तिच्यासकट. नंतर पाहताना दुसरीच जास्त वेळ हातात राहते.

आकार कळावा म्हणून चौकटीत एखादा माणूस असू द्या. तो सोबतचा मित्र असला तरी त्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका. अनोळखी माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आडोशाला बसलेली जोडपी असतात, त्यांच्याकडे लेन्स वळवायची नाही. येऊरच्या पाड्यांमध्ये तर आधी बोला, मग बसा, मग कॅमेरा काढा. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड असेल तर तो कुणाचा तरी देव आहे. चपला काढून जा आणि फोटो घ्यावा का, ते गावातल्या माणसाला विचारा. किल्ले गावठाणात गोवर्धनी मातेचं देऊळ आहे, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी दोन शब्द बोललात तर किल्ल्याबद्दल पुस्तकात नसलेलं काही ऐकायला मिळेल.

जिवाची आणि जागेची काळजी

एकटे जाऊ नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट आणि बंद बूट घाला. डिसेंबर-जानेवारीत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, त्यांची कुसळं वाऱ्याने उडून अंगाला लागली तर दिवसभर जीव नकोसा होतो. मखमली तपकिरी शेंगांची वेल दिसली की वारा जिकडून येतो त्या बाजूने जा. बुरुजात शिरण्याआधी मान वर करून मधमाश्यांचं पोळं आहे का ते बघा, दगडाच्या खाचेत हात घालू नका. पावसाळ्यात तटावर चढणं नकोच. ज्या मुळाने दगड सरकवला आहे, त्याच दगडावर तुम्ही पाय देणार आहात. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत. फाटकाच्या वेळा पाळा, अंधार पडायच्या आत बाहेर या, पावसाळ्यात धबधब्यांकडे बंदी असेल तर ती मोडू नका. ड्रोनचा विचार परवानगीशिवाय मनातही आणू नका, नवी मुंबईत आता विमानतळ आहे.

फोटो चांगला यावा म्हणून शेवाळ खरवडणं, भिंतीवर पाणी ओतणं, खडूने रेघा ओढणं, रंगीत धुराच्या कांड्या लावणं, हे सगळं मी पाहिलेलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. धुराचा डाग चुन्यात बसला की निघत नाही. तिवरं तोडू नका, ती कायद्याने संरक्षित आहेत.

घरी आल्यावर, आणि पुन्हा जाताना

त्याच रात्री फोटो उतरवून घ्या. फाइलच्या नावात जागा, तारीख आणि दिशा लिहा, "बेलापूर-बुरूज-दक्षिण बाजू" असं साधं. संगणकावर फार छेडछाड नको. सावल्या थोड्या वर, उभ्या रेघा सरळ, हिरवा रंग जरा कमी. मोबाइल हिरवा रंग नेहमी जास्त दाखवतो, खऱ्या पिंपळापेक्षा फोटोतला पिंपळ प्लास्टिकचा वाटतो. पावसाळ्यातले काही फोटो कृष्णधवल करून बघा. रंग गेला की दगड आणि खोड यांचा पोत समोरासमोर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिथे उभे होतात ती जागा टिपून ठेवा. कुठल्या दगडापासून किती पावलं, फोन छातीशी धरला होता की डोळ्यांशी, झूम किती होता. तीन महिन्यांनी त्याच जागेवरून तोच फोटो पुन्हा काढा. जुना फोटो कागदावर छापून सोबत न्या, हातात धरा आणि भिंतीचा वरचा काठ, जंगी आणि मुळाचा वाक जुळेपर्यंत पुढे-मागे सरका. पहिल्यांदा याला पंधरा मिनिटं लागतील, नंतर पाय आपोआप त्या जागी जातील. वर्षाला चार फोटो, एवढंच. जतनाचं काम निघालं, झाड काढलं, भिंत नव्याने सांधली, तरी तिथेच उभं राहून काढा. आवडलं नाही तरी काढा.

पहिल्या वर्षाचे ते करड्या डागाचे फोटो मी याचसाठी ठेवलेत. त्यांतल्या एकात, डाव्या कोपऱ्यात, जंगीच्या खाली तीन दगड एकावर एक दिसतात आणि त्यांच्यामधून अंगठ्याएवढं मूळ गेलेलं आहे. गेल्या मार्चमध्ये त्याच जागेवर उभा राहिलो तेव्हा मूळ मनगटाएवढं झालं होतं, मधला दगड खाली गवतात पडला होता आणि त्याच्या जागेतून पलीकडची खाडी दिसत होती.